मिस्त्रीबाईंनी ऐकलेली गळती

माझ्या नाकावर राग असतो, हे माझ्या ओळखीचा कुणीही सांगेल. मी शाळेत गणित शिकवते; ऐकून घेण्यापेक्षा ऐकवण्याची सवय जास्त. त्यामुळे सायलेन्सरच्या त्या दुकानात पाऊल ठेवल्याठेवल्या मी भांडण उकरून काढलं, यात नवल काही नाही. नवल हे की, जिच्याशी भांडले त्या बाईचे मी आजही मनातल्या मनात आभार मानते. आठवड्यातून एकदा तरी.

दुकान म्हणजे रस्त्याच्या टोकाची पत्र्याची शेड. भिंतींना गंजके पाइप टांगलेले, मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, कोपऱ्यात वेल्डिंगचं यंत्र आणि त्याच्या शेजारी, कुणास ठाऊक का, एक स्वच्छ पुसलेली लाकडी खुर्ची. मी जीप आत घातली. मिस्त्री पाठमोरे वाकून काहीतरी घासत होते.

"जरा लवकर बघा हो, मला शाळेत पोचायचंय," मी म्हणाले. उत्तर नाही. परत म्हटलं, जरा चढ्या आवाजात. तरी नाही. तिसऱ्यांदा माझा तोल गेला. "अहो, कान फुटलेत का तुमचे?"

"हो, फुटलेत," मागून आवाज आला. "अकरा वर्षं झाली. तुम्ही माझ्याशी बोला."

साठीच्या एक ठेंगण्या बाई हात पुसत उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या, हेच जास्त झोंबलं. मी माफीबिफी मागितली नाही. तेवढं शहाणपण मला लगेच सुचत नाही. "ह्या जीपचा आवाज बंद करून द्या," एवढंच म्हणाले. "विकायचीय. या आवाजात कोणी हात लावणार नाही."

जीप बाबांची. फोर-व्हील-ड्राइव्हची जुनी डिझेल गाडी, वय माझ्या नोकरीपेक्षा जास्त. बाबांची अख्खी नोकरी जंगलखात्यात मोजणीची झाली, आणि निवृत्तीनंतर ते आईला घेऊन वर डोंगरात, दीड तासाच्या कच्च्या वाटेवर, छोटं घर बांधून राहिले. आई गेल्यावर एकटे. सोबतीला मधमाश्यांच्या बावीस पेट्या. दर रविवारी ही जीप घेऊन ते खाली दादाकडे यायचे, आम्ही सगळे तिथे जमायचो, जेवून आणि एक झोप काढून ते परत जायचे.

गेल्या वर्षभरात बाबा बिघडत चालले होते. दारात उतरले की पाय अडखळायचे. बोलताना शब्द सापडायचे नाहीत. मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली. एकदा दादाच्या घरात बाथरूम कुठे आहे तेच आठवेना, आणि बिचारे कपाटाचं दार उघडून उभे. दादाच्या ओळखीच्या डॉक्टरांनी एका रविवारी घरीच येऊन तपासलं. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा, असलं सगळं. ज्या माणसाने आम्हाला सतराचा पाढा जिन्यावर उभं करून घोकवला, तो माणूस त्र्याण्णववर अडकला. डॉक्टरांनी मान हलवली आणि दादाने सोक्षमोक्ष लावला. बाबांनी आता एकटं राहायचं नाही. घर, पेट्या, जीप सगळं काढून टाकायचं आणि बाबांनी त्याच्या मागच्या खोलीत यायचं. घराला गिऱ्हाईकही ठरलं, त्याला पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी होकार द्यायचा होता. मी दादाला हो म्हटलं होतं. रविवारी दादाने जीपची किल्ली काढून घेतली, बाबांना आपल्या गाडीतून वर सोडून आला, आणि सोमवारी सकाळी मी या दुकानात.

मिस्त्रीबाईंनी काम सुरू केलं ते बघून मी शाळेची वेळ विसरले. त्यांनी ओल्या गोणपाटाचा बोळा करून पाइपच्या तोंडात घट्ट कोंबला आणि मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं. धुराला नेहमीची वाट बंद झाली की तो मिळेल त्या भोकातून निघतो. मग हातभर लांबीची रबरी नळी घेऊन त्या खड्ड्यात उतरल्या. नळीचं एक टोक स्वतःच्या कानात, दुसरं टोक पाइपवरून इंच इंच सरकवत. जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे खडूची फुली. मिस्त्री मागे दिवा धरून उभे. बाई त्यांच्या खांद्यावर बोटांनी काहीतरी टकटकवायच्या आणि ते मान डोलवायचे. एक टिचकी म्हणजे सांधा, दोन म्हणजे भोक, आणि पूर्ण पंजा म्हणजे "हे टाकूनच द्या", असं मला नंतर कळलं.

त्या दिवशी पंजा बराच चालला. सात फुल्या पडल्या. पुढचा पाइप इंजिनाला जोडलेला असतो तिथलं, सांधा बंद ठेवणारं गॅस्केट जळून गेलेलं. सायलेन्सर खालून चाळणी. आणि मागचा पाइप तर अर्ध्यातच मोडून कुठेतरी पडलेला, त्यामुळे धूर गाडीच्या मागे न जाता पोटाखालीच सुटत होता. मधल्या एका भोकावर तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तारेने आवळला होता.

"हे कुणाचं हस्तकौशल्य?" बाईंनी खालूनच विचारलं.

"वडिलांचं."

"छान केलंय. खाली जाणारा धूर बरोब्बर वर वळवलाय."

त्या वर आल्या, गाडीत चढल्या आणि गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर उचललं. ते फाटलेलं होतं. खालच्या चटईवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट काजळी लागून काळं झालेलं.

"गाडी कोण चालवतं?"

"वडीलच. दर रविवारी दीड तास येतात, दीड तास जातात."

"काचा उघड्या ठेवून?"

"छे, वर थंडी असते. शिवाय धूळ. फटींत सुद्धा स्पंजच्या पट्ट्या बसवल्यात त्यांनी."

"तब्येत कशी आहे त्यांची?"

अनोळखी बाईला घरचं सांगायची मला सवय नाही, पण त्या काळ्या बोटाकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. अडखळणं, विसरणं, कपाट, त्र्याण्णव. ठरलेलं गिऱ्हाईकसुद्धा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे त्यांना तुमच्याकडे आल्यावर होतं, की घरीही होतं?"

घरी बाबा कसे असतात, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आई गेल्यापासून अडीच वर्षांत मी एकदाही वर गेले नव्हते. वाट वाईट, शाळा, मुलांच्या परीक्षा. आणि बाबा दर रविवारी येतातच की, मग जायचं कशाला? दादा आदल्याच दिवशी त्यांना सोडायला गेला तो फाटकातूनच परत फिरला होता. "गंमत म्हणजे उतरेपर्यंत छान गप्पा मारत होते," असं तो मला म्हणाला होता. आम्ही दोघांनी त्या वाक्याकडे साफ कानाडोळा केला.

बाईंनी मला त्या स्वच्छ खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. खुर्ची त्यांची होती, टेलिफोन एक्स्चेंजमधली. तिथे त्या एकवीस वर्षं ऑपरेटर होत्या. गावातले चारशे नंबर तोंडपाठ. पुढे यंत्रं आली, ऑपरेटर घरी बसले, आणि निरोपाच्या दिवशी बाईंनी भेटवस्तू नको, माझी खुर्ची द्या म्हणून सांगितलं. इकडे तोवर हातोड्यांनी आणि इंजिनांनी मिस्त्रींचे कान गेले होते. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. दुरुस्त केलेल्या गाड्या खडखडत परत येऊ लागल्या, यांना खडखड ऐकूच येईना. एक दिवस बाई डबा घेऊन आल्या आणि रस्त्यावरूनच ओरडल्या, "अहो, ती डावीकडून फुसफुसतेय!" मिस्त्रींनी मान वर केली नाही, तेव्हा बाईंना दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची दुकानात आली.

"पहिल्या हिवाळ्यात आम्ही शटर लावून काम करायचो," त्या म्हणाल्या. "गारठा फार. दोन महिन्यांत माझे नंबर जायला लागले. आधी दहा-बारा, मग शेकड्याने. भाजीत मीठ घातलं का ते आठवेना. मला वाटलं, एक्स्चेंज सुटलं म्हणून माझं डोकं फिरलं. यांना वाटलं मी दुःखात आहे. हे बिचारे मला हसवायला वेडेवाकडे चाळे करायचे. मग बहिणीकडे आठ दिवस राहिले, आणि एका सकाळी दात घासताना डाकबंगल्याचा नंबर आठवला. मागोमाग सगळे. परत येऊन यांना सांगितलं, हे कोंडलेल्या धुरानं होतंय, तर यांनी काही विचारलं नाही, घण घेतला आणि ती भिंत फोडली." मागच्या विटांच्या भिंतीत खरंच दार जाईल एवढं भगदाड होतं, आणि त्यातून वारा येत होता.

"तुम्ही वडिलांना फोन लावा," त्या म्हणाल्या. "मला ऐकू दे."

"फोनवर ते नीटच बोलतात हो. आम्हाला वाटतं, लपवतात."

"एकवीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेत ताई मी. लावा."

मी लावला. बाबांनी दोन रिंगमध्ये उचलला. सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेत फोन कसा, हे पहिलं विचारलं. मग सांगितलं की सहाव्या आणि अकराव्या पेटीत राणीमाशी बदलावी लागणार, नवव्या पेटीला मुंग्या लागल्यात, आणि दादाला सांग, किल्ली घेतलीस ते ठीक, पण डॅशबोर्डमधला माझा चष्मा तरी पाठव. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी फोन ठेवला तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टरांना परत दाखवा, ते त्यांचं काम. पण या माणसाचं डोकं जागेवर आहे. आणि गाडी मी आज देणार नाही. तुम्ही कितीही भांडा."

मी भांडले नाही. "मावशी, तुम्ही म्हणाल तेव्हा," म्हणाले. शाळेला त्या दिवशी दांडी पडली.

काम बुधवारपर्यंत चाललं. इंजिनाजवळचे, पाइप आवळून धरणारे तीन स्टड गंजून एकजीव झाले होते. मिस्त्रींनी रात्रभर ते तेलात भिजवले, सकाळी गॅसने तापवले. दोन सुटले, तिसरा तुटला, तो ड्रिलने पोखरून काढावा लागला. मग नवं गॅस्केट, नवा पुढचा पाइप, नवा सायलेन्सर, आणि मागचा पाइप चाकांच्या पलीकडे गाडीच्या पूर्ण बाहेर काढलेला. सगळं नव्या रबरी कड्यांवर टांगलं. गिअरच्या दांड्याला नवं रबर बसवलं. शेवटी परत ओला बोळा, परत नळी. बाईंनी टोकापासून टोकापर्यंत ऐकलं आणि मिस्त्रींच्या पाठीवर हलकेच थोपटलं. त्या थापेचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

संध्याकाळी मी स्वतः जीप वर घेऊन गेले. बाबांचं घर लख्ख होतं. प्रत्येक पेटीवर तारखेची चिठ्ठी, स्वयंपाकघरात प्रत्येक डबा जागच्या जागी, भिंतीवर आजच्या तारखेपर्यंत फुल्या मारलेलं कॅलेंडर. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू कोसळलं. बाबांना वाटलं शाळेत काहीतरी झालं. मी धुराचं सगळं सांगितलं, ते नुसते "असं होय" म्हणाले आणि चहा टाकायला वळले.

दादा पटकन ऐकणाऱ्यातला नाही. नाक आमचं एकच. पण रविवारी डॉक्टरांना परत बोलवायला तयार झाला. बाबा स्वतः जीप चालवत आले. ती फाटकात आली तरी आम्हाला पत्ता लागला नाही. डॉक्टरांनी शंभरातून सात सुरू करायच्या आत बाबा दोनपर्यंत जाऊन पोचले, आणि वर म्हणाले, "आता तेराने करू का?" डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, गाडीबद्दल बारीक विचारलं, आणि दादाला बाजूला घेऊन म्हणाले की मागचं माझं मत मी मागे घेतो. दादाने तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून कळवलं. मग खिशातली जीपची दुसरी किल्लीही काढून बाबांसमोर ठेवली. माझा जीव भांड्यात पडला.

परत जाताना बाबांना मिस्त्रीबाईंना भेटायचं होतं, म्हणून आम्ही दोघंही बरोबर गेलो. मी सरळ बाईंचे हात धरले आणि पहिल्या दिवसाची माफी मागितली. म्हटलं, तुम्ही नसतात तर आम्ही आमच्या चांगल्या बापाला मागच्या खोलीत नेऊन ठेवलं असतं, आणि वर उपकार केल्यासारखं वागलो असतो. त्या संकोचून हात सोडवायला लागल्या. "मी काय केलं? फुसफुस ऐकली," म्हणाल्या. बाबांनी त्यांच्यासमोर मधाची मोठी बरणी ठेवली. मिस्त्रींनी बोट घालून लगेच चव घेतली आणि शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात "झकास" म्हणाले.

बाई बाबांकडे बघत होत्या. "काका, एक विचारू? घरी बरं वाटतं आणि इथे आलं की त्रास होतो, हे तुमच्या कधी ध्यानात नाही आलं?"

"आलं होतं की. वर्षापूर्वीच. रविवारी रात्री घरी पोचून झोपलं, की सकाळी लख्ख."

दादाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"मग बोलला नाहीत?"

"गाडीचा संशय मला नाही आला," बाबा म्हणाले. "मला वाटलं, मुलांकडे आलं की असं होतं. पूर्वी दोघं मिळून यायचो, आता बरोबर ही नसते ना, त्यामुळे सोसत नसेल. पण हे मुलांना कसं सांगायचं? वाईट वाटलं असतं त्यांना."

"आणि तरी दर रविवारी यायचात?"

बाबांना प्रश्नच नीट कळला नाही. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मग? मुलांना भेटायचं नाही का?"