कडक काकूची सही

शिवणकारखान्यात तिला सगळे कडक काकू म्हणत, कारण तिच्या इस्त्रीखालून निघालेली कॉलर दिवसभर मोडायची नाही. स्वभावाने मात्र बाई अगदीच मऊ, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! शेठ तीन महिने पगाराला 'थांबा' म्हणाला आणि ही खुशाल थांबली. तिकडे घरमालकानं बजावलं, महिनाअखेर भाडं नाही तर खोली रिकामी करा. नवरा गेल्यापासून त्या खोलीत ती आणि सासू, दोघीच.

शेवटी सासूच उखडली. "अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही! जा कामगार कार्यालयात."

गेली. किती महिने काम केलं, किती पगार थकला, कारकुनानं विचारून अर्ज लिहून घेतला. कारखान्यातल्या बाकीच्या अकराजणी म्हणाल्या, "काकू, तुम्ही व्हा पुढे, आम्ही आहोतच." होत्या की, आपापल्या घरी!

सुनावणीच्या तारखेला शेठ वर्षभराच्या पगारपत्रकाची वही घेऊन आला. तिन्ही महिन्यांच्या पानांवर 'पगार मिळाला', खाली काकूची सही.

"सही तुमचीच?" अधिकारी बाईंनी विचारलं.

नाही म्हणावं? पण खोटं तोंडातून निघेना.

"माझीच. पण पैसे नाही मिळाले हो. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या पानांवर सह्या घेतात. दर महिन्याला मशिनी कशाला थांबवायच्या, म्हणतात शेठ. आम्हीही गाढवासारख्या करतो. पुढची पानं बघा ना."

शेठ पत्रकावर हात ठेवायला गेला, पण बाईंनी पान उलटलंसुद्धा. पुढचा महिना, त्याच्या पुढचा. ते महिने अजून उजाडायचे होते आणि बाराही जणींना त्यांचे पगार पोचले होते.

"फारच दानशूर हो तुम्ही," बाई म्हणाल्या.

आठ दिवसांत बाराही जणींची थकबाकी देतो, असं शेठनं तिथल्या तिथे लिहून दिलं. काकूनं घरमालकाला दाखवायला त्याची प्रत मागून घेतली. बाहेर आल्यावर तिला आनंद तर असा झाला की रडूच फुटेल.

मागून शेठ आला. "काकू, उद्या कामाला येणार ना? मोठी ऑर्डर आहे."

"येणार की," काकू म्हणाली. "पण आजची माझी गैरहजेरी लावायची नाही. मी तुमच्याच कामाला आले होते."