मायच्या पायाचं पाणी

सन दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. त्या साली मी माझ्या मायच्या पायाचं पाणी माझ्या हातानं नालीत ओतलं.

कोणी हात धरला नाही. कोणी मारलं नाही. ओत म्हणलं, आन् मी ओतलं.

गावात मातृपूजनाचा कार्यक्रम होता. दादासाहेबानं ठेवला होता. दादासाहेब म्हणजे आमच्या जुन्या मालगुजाराचा नातू. मालगुजारी कधीच गेली, पण तलावापासून शाळेच्या पटांगणापर्यंत हुकूम त्यायचाच. दोन दिवस ऑटोवर भोंगा फिरला. सर्व मातांनी यावं, लेकायनं आपल्या मायचे पाय धुवावे, शास्त्रीबुवा संस्कृतातून आईची महती सांगतील.

माय खाटेवर बसून ऐकत होती. नव्वदीले टेकलेली. मले म्हणाली, "सर्व म्हणजे आपणबी का रे?"

मी म्हणलो, "माय वो, संस्कृतात लिहून आहे. आई म्हणजे देव. त्यात आमची-तुमची असं नाही."

मी तिसरीपर्यंत शिकलो. दाराजवळ बसे. तिथून भिंतीवर रंगवलेली ती एकच ओळ दिसे. मास्तरनं तिचा अर्थ सांगितला होता. जन्मात तेवढंच संस्कृत मले येते, आन् त्याचा मले मोठा गर्व होता. त्या गर्वापायीच मी तिले घेऊन गेलो.

आमची जात इथं लिहीत नाही. गावाले माहीत आहे, तेवढं पुरे.

सामोर खुर्च्यायची रांग होती. मायले कडेच्या खुर्चीवर बसवलं. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, आन् पाय लुगड्यात लपवून राहिली होती. साठ वर्षं चिखलात धानाचा रोवणा केलेले पाय. बोटं फाकलेली, नखं चिखलानं खाल्लेली. मी म्हणलो, "काढ बाहेर. आज त्यायचाच दिवस आहे."

पितळेचं गंगाळ एकच होतं. ते रांगेतून सरकवत न्यायचं. लेकानं मायचे पाय त्यात धुवायचे. समद्या मायांच्या पायाचं पाणी त्यात जमा होणार, आन् शेवटी तेच तीर्थ म्हणून समद्यायनं प्यायचं.

शास्त्रीबुवा भोंग्यातून सांगत होते, आई बापाहून हजार पट मोठी. लोकं माना डोलवत होते. मीबी डोलवली.

तेवढ्यात दादासाहेबाचा दिवाणजी आला. माझ्याच वयाचा.

"काहून गा बुढ्या, बुढीले राणीवाणी बसवलं का?"

तो हसला. मीबी हसलो. मग वाकून कानाशी बोलला, "उचल तिले. गंगाळ एकच आहे. तीर्थ समद्यायले प्यायचं आहे. समजून घे न."

"भोंग्यात तर सर्व माता म्हणत होते."

"सर्वच आहेत. पण सामोर सवासणी बसतेत."

मी मधल्या खुर्चीकडं पाहिलं. तिथं दादासाहेबाची आई बसून होती. तिचा नवरा मरून वीस वर्षं झाली. तिनं माझ्या मायकडं पाहिलं, आन् पदर डोळ्यावर ओढला.

काहून ओढला, ते सांगतो. माझी माय सुईण. दादासाहेब पायाळू, पोटातून पाय पहिले आले. ते पाय या जगात पहिले माझ्या मायच्या हातात आले. बाळंतीण तापानं फणफणली, दूध उतरलं नाही. माझी बहीण तवा चार महिन्याची, मायच्या अंगावर पिणारी. मालगुजाराचा निरोप आला. माय तीन महिने मागच्या दारानं जाऊन त्यायच्या पोराले पाजत राहिली. घरी बहिणीले भाताची पेज. बहीण जगली नाही. बारशाले मायले पत्रावळ मिळाली ती आंगणाच्या बाहेर, आन् पाणी वरून ओतून.

पायाळूच्या लाथेनं पाठीची उसण जाते म्हणतेत. दर ऐतवारी सकाळी त्यायच्या ओसरीवर माणसं पालथी पडतेत, आन् दादासाहेब पाठीवर लाथ मारतेत. मीबी किती वर्षं तिथं पालथा पडलो.

दूध चाललं. लाथ चालते. पायाचं पाणी चालत नाही.

हे समदं मले त्या घडीलेबी माहीत होतं. तरी म्हणलो, "चाल माय." काखेत हात घालून उचललं. रिकाम्या पोत्याएवढं वजन. भोंग्याच्या मागं, चिंचेखाली बसवलं. दिवाणजीनं संडासाजवळचा निळा प्लास्टिकचा टप धाडला. त्यात मी तिचे पाय धुतले. तिकडं लोकं तीर्थ पिऊन राहिले होते. मीबी टपातल्या पाण्यानं ओंजळ भरली.

दिवाणजी वरडला, "अबे, ते नालीत ओत! पटांगणात सांडू नको."

आन् मी ओतलं.

माय पाहून राहिली होती. म्हणाली, "बरं केलं. गढूळच होतं."

घराच्या उंबऱ्यावर टेकली, तवा म्हणाली, "म्या कधी मागितलं होतं रे? मले नेलं कायले?"

भात वाढला, तिनं ताट सरकवलं. पाय लुगड्यात गुंडाळले आन् भिंतीकडं तोंड केलं. मी तिथंच बसलो. एकाहत्तर वर्षाचा माणूस, आन् मायले हाक मारायची हिंमत नाही. जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं. दादासाहेबाचा राग मागून आला. पहिले या हाताचा आला. शास्त्रीबुवानं तिले बोट लावलं नव्हतं. दिवाणजीनंबी नाही. उचललं मी. ओतलं मी. त्यायनं सत्तर वर्षं मले असं वळण लावलं, का आता त्यायचं काम माझेच हात करतेत.

दुसऱ्या दिवशी ऐतवार होता. टप माझ्याच संगं घरी आला होता. आमच्या हातचा, कोण परत घेईल? सकाळीच तो उचलला आन् त्यायच्या ओसरीवर गेलो. चार-पाच माणसं पालथी पडून होती.

दादासाहेब म्हणाले, "ये रे बुढ्या, पड. धर नंबर."

मी टप त्यायच्या पायाशी ठेवला आन् सामोर बसलो.

"दादासाहेब, माझ्या बहिणीचं तीन महिन्याचं दूध तुमच्या अंगात आहे. ते पहिले ह्या टपात काढा. मंग माझ्या मायच्या पायाचं पाणी कुठं ओतायचं, ते सांगा."

पालथ्या माणसायनं माना वर केल्या. आतल्या दाराशी त्यायची आई येऊन उभी राहिली. पदर तोंडात. दादासाहेबाचा उचललेला पाय तसाच खाली आला.

दिवाणजी धावत आला. "उठ बुढ्या, घरी जा."

"काल तुमच्या म्हणण्यानं उठलो ते शेवटचं," मी म्हणलो.

आन् टपाजवळ बसूनच राहिलो. पाठ ठणकत होती. पालथा पडलो नाही. ताठ बसलो.