उलट बाजूचे व्यंकोबामामा

ऑफिसात माझ्या वडिलांचा, अप्पांचा, फोन आला तेव्हा वाटलं, नेहमीसारखंच काही विचारायचं असेल. पण पलीकडून हुंदके ऐकू आले, आणि मग, "व्यंकू गेला गं… झोपेतच." व्यंकोबामामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. ज्यांच्याशी अप्पांचं जन्मात क्वचितच एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, त्यांच्यासाठी ते असे रडतील, हे मला ठाऊक नव्हतं.

मामा तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत, आमच्या शेजारीच राहत आणि कुंभकोणच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. सकाळी संध्या उरकून गाडीत बसायचे आणि वाटेत पापनाशमला चढणाऱ्या एका पक्क्या नास्तिक सहकाऱ्याशी, देव आहे की नाही यावर कुंभकोण येईपर्यंत भांडायचे. तो रजेवर असला की घरी येऊन म्हणत, "आज सगळे माझ्यासारखंच बोलले. दिवस वाया गेला."

नव्या कंपन्यांचे ते पहिले दिवस. मला मद्रासला संगणकाच्या कंपनीत बोलावणं आलं. हातात शिक्षिकेची कायम सरकारी नोकरी होती. अप्पांनी बोलणंच टाकलं. मामांनाही पटलं नव्हतं. "असल्या कंपन्या आज आहेत, उद्या नाहीत," त्यांनी तोंडावर सांगितलं. पण एका रविवारी त्यांनीच आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. "सरी, ठीक आहे! भावोजी, तुम्ही कमलाची बाजू मांडा. कमला, तू अप्पांची. थट्टा चालणार नाही."

मी पगार, पेन्शन असं काहीबाही बोलत सुटले… आणि एकदम तोंडून निघालं, "आई गेल्यापासून या घरात मराठी बोलायला मी एकटीच उरलेय. मी गेले, तर अप्पा बोलणार कोणाशी?" अप्पा आधी हसण्यावारी नेत होते. मग खाली बघत म्हणाले, "माझ्या बापानं मला परगावी जाऊ दिलं नाही. तो राग मी मरेपर्यंत त्याच्यावर काढला. ही राहिली, तर माझ्यावर काढेल…"

शेवटी मामाच म्हणाले, "मी चुकलो. मी नुसता कंपनीचाच विचार करत बसलो. जाऊ दे पोरीला."

मी गेले. संध्याकाळी अप्पांशी मराठीत भांडायचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलं, आणि ते कधी चुकवलं नाही. पुढे ती कंपनी खरंच बंद पडली. तोवर मला दुसरी नोकरी मिळाली होती. मामांनी फोनवर विचारलं, "मग, बरोबर कोण?" मी म्हटलं, "दोघंही." त्यावर खो खो हसले. आज मी जे काही आहे, ते त्या रविवारमुळे.

मामांकडे दोन तमिळ वर्तमानपत्रं येत, एकमेकांच्या कट्टर विरोधातली. त्यातल्या एकाला अप्पांनी कधी हात लावला नव्हता. परवा घरी गेले, तर ते ओट्यावर बसून तेच वाचत होते. "सगळं खोटं छापतात मेले," म्हणाले… आणि पान उलटून पुढे वाचू लागले.