चक्रावरचे आकडे

आकडे जुळत होते. एवढं एक वाक्य बोलायला मला चौदा महिने लागले, आणि ज्यांच्याशी ते बोलायचं होतं ते तेवढा काळ माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर राहत होते.

ते म्हणजे आमचे पूर्वीचे शेजारी. पुण्याहून मी एनस्खेडे या डच शहरात संशोधनासाठी आलो, मग इथेच नोकरी धरली, घर घेतलं, आणि भिंतीला भिंत लागून हे आजोबा मिळाले. माझी मुलगी त्यांना ओपा म्हणे. मी मेनीर म्हणायचो, आपल्या 'साहेब'सारखं. इतक्या वर्षांत नावाने हाक मारायची जीभ कधी वळली नाही. कापडगिरणीत यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मलाही जुनी कुलपं, घड्याळं खोलून बसायचा नाद. शनिवारी सकाळी त्यांच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये आम्ही दोघं काहीतरी उघडून बसायचो, फारसं न बोलता. मला ते सोयीचं होतं. मी बोलणाऱ्यांतला नाही.

त्यांच्याकडे तळहातात मावेल एवढं एक बेल्जियन रिव्हॉल्व्हर होतं. त्यांचे आजोबा गिरणीत पहारेकरी होते, त्यांचं. त्याच्या काडतुसावर घोड्याचा ठोका मधोमध बसत नाही, तळाच्या कडेवर बसतो. तसली काडतुसं बनायची कधीच बंद झाली. म्हणून ते आता नुसती शोभेची वस्तू. परवाना लागत नाही असं पोलिसांचं पत्रही त्यांनी आणून डब्यात ठेवलं होतं. बाहेर काढलं की ते एकच गोष्ट सांगायचे. वडिलांनी हे त्यांच्या हातात दिलं तेव्हा म्हणाले होते, यातला एक स्क्रूही कुणी बदललेला नाही. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते 'यातला' म्हणाले की पुढचं मी मनात पूर्ण करायचो. वडिलांचा फोटो त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असे. सकाळी कॉफी ओतताना ते त्या फोटोशी दोन शब्द बोलत. भिंत पातळ होती, आम्हाला ऐकू यायचं.

मग त्यांची नजर गेली. पूर्ण नाही, पण मधलं दिसेनासं झालं, कडेचं तेवढं दिसे. वृद्धांच्या निवासात एक खोली मिळाली आणि घरातल्या वस्तू विकायला निघाल्या. रिव्हॉल्व्हरचे ते साडेचारशे युरो म्हणत होते.

"तुला हवं असेल तर आधी तुला," ते म्हणाले. "पण नीट तपास. मला आता दिसत नाही. तेवढ्या मोलाचं नसेल तर तसं सांग."

मी आठवडाभर वाचन केलं आणि शनिवारी भिंग, टॉर्च, तेलाची बाटली घेऊन गेलो. नळीत आतून बारीक खड्डे होते, पण आटे शाबूत होते. घोडा मागे ओढला की गोळ्यांचं चक्र फिरून नेमकं जागेवर थांबत होतं, लटपटत नव्हतं. निकेलचा मुलामा मुठीपाशी उडालेला. तो वापराने उडतो, तो दोष नाही. राहिले आकडे. कारखान्यात प्रत्येक भागावर एकच क्रमांक ठोकतात. सगळे जुळले तर वस्तू अस्सल, एखादा वेगळा निघाला तर तो भाग नंतर कुठूनतरी आणून बसवलेला, आणि किंमत निम्म्यावर. चौकटीवरचा आणि नळीखालचा क्रमांक एकच होता. चक्रावरचा काजळीने बुजला होता. तेलाचा थेंब सोडून, कापडाने पुसून भिंग धरलं. एकेक करून चार आकडे वर आले. तेच. साडेचारशे युरो योग्य होते, किंबहुना कमीच.

आता जे केलं ते. माझे वडील रविवारी मला जुन्या बाजारात न्यायचे. पान्यापासून पंख्यापर्यंत काहीही घ्यायचं असलं तरी त्यांची रीत एक. वस्तू उचलायची, उलटसुलट करायची, आधी खोट काढायची, मग भाव विचारायचा. "जबडा झिजलाय याचा." विक्रेता म्हणायचा, "साहेब, झिजलाय तर हातात कशाला धरलाय? ठेवा खाली." मग वडील दहा पावलं जायचे, तो मागून हाक मारायचा, आणि शेवटी दोघंही हसायचे. खोट खरी नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं. सांगितलेल्या भावाला वस्तू घेतली तर घरी आईसुद्धा म्हणायची, फसलात. या देशात राहून माझं बरंच काही सुटलं, हे मात्र सुटलं नव्हतं.

मी म्हणालो, "चक्रावरचा क्रमांक वेगळा आहे. ते नंतर बदललेलं दिसतंय."

त्यांनी भांडायला हवं होतं. ठेव खाली म्हणायला हवं होतं. मी दहा पावलं जायच्या तयारीत होतो.

ते स्टुलावर बसले. हात पुढे केला, मी रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चक्रावरून अंगठा फिरवला, पण आकडे इतके बारीक की अंगठ्याला काय कळणार.

"नक्की?"

"हो," मी म्हणालो. या 'हो'ला जुन्या बाजारातही जागा नव्हती.

"म्हणजे वडील माझ्याशी खोटं बोलले," ते म्हणाले. रागाने नाही, नोंद करावी तसं. मग म्हणाले, तीनशे दे. मी काही म्हणायच्या आतच वस्तू डब्यात ठेवून त्यांनी झाकण लावलं.

घरी बायकोने विचारलं, किती उतरवलेस. मी सांगितल्यावर ती हसली, म्हणाली, बाबांचा मुलगा शोभतोस. मीही हसलो, हेही इथे लिहायला हवं.

त्या आठवड्यात सकाळी भिंतीपलीकडे कॉफीच्या भांड्याचा आवाज यायचा, बोलणं यायचं नाही. सामान हलवायच्या दिवशी मी खोकी उचलायला गेलो. जुन्या वस्तूंच्या दुकानाला द्यायच्या खोक्यात, बशा आणि वायरींवर, तो फोटो होता. मी त्यांना विचारलं, हा चुकून इथे आलाय का. नाही म्हणाले, एका खोलीत किती भिंती असणार. सांगायची वेळ तीच होती. मी फोटो कोटाच्या खिशात घातला आणि पुढचं खोकं उचललं.

नंतर मी त्यांना भेटायला जातच नव्हतो असं नाही. वाढदिवसाला गेलो, नाताळात केक घेऊन गेलो. दरवेळी ठरवून जायचो आणि हवामानावर बोलून परत यायचो.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं म्हणून पाटावर लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा संच, सुरी आणि सायकलची किल्ली मांडतात. पहिल्या वर्षी रिव्हॉल्व्हर मी काढलंच नाही, कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणालो. यंदा बायकोने स्वतःच ते काढून मधोमध ठेवलं. "खरं शस्त्र घरात असताना सुरीला कसला मान?" मी गंध लावायला वाकलो. बोट चक्रावर गेलं. आकडे माझ्यासमोर होते, आणि त्यांना हळदकुंकू लावायचं माझ्याने होईना.

"काय रे, काय झालं?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. फोटो कुठे आहे विचारलं. मी ड्रॉवरमधून काढून दिला. तिने पदराने काच पुसली आणि एवढंच म्हणाली, "उद्या दसरा आहे. जा. आणि तिथे जाऊन हवामान काढू नकोस."

मी तिन्ही क्रमांकांचे फोटो काढून मोठ्या कागदांवर छापले, एकेक आकडा वीतभर. दसऱ्याला त्यांच्या निवासात गेलो तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. मी कोट न काढताच सांगून टाकलं: आकडे जुळत होते, मला तेव्हाच दिसले होते, मी खोटं बोललो. भाव पाडायला. आमच्याकडे अशी रीत आहे, दोघांनाही ठाऊक असतं, हे सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो, कारण दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं.

ते म्हणाले, "वडील गेल्यापासून रोज सकाळी मी त्यांच्याशी बोलायचो. वर्षाहून जास्त झालं, बोललो नाही."

मी खिशातून पाकीट काढलं. उरलेले दीडशे होते. त्यांनी बाजूला सारलं. भाव ठरला होता म्हणाले. फोटो दिला, तो मात्र घेतला.

"आकडे वाचून दाखवू?" मी विचारलं.

"नको. मी वाचतो."

त्यांनी पहिला कागद एका अंगाला, जिथून त्यांना दिसतं तिथे धरला, आणि मान वाकडी करून एकेक आकडा बोटाखाली घेत वाचला. मग दुसरा. मग तिसरा. मग पुन्हा पहिला. मला बसायला सांगितलं नाही. मी कोटासकट तसाच उभा राहिलो.