दाजींच्या घरचा समुद्र

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी सेवा करणारा माणूस आमच्या दाजींखेरीज दुसरा असेल, असं मला वाटत नाही. शहापूरच्या गल्लीत आजूबाजूला माग खटखटत असतात आणि यांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याच्या टाकीत नारिंगी मासे फिरत असतात; गेल्या वर्षापर्यंत लाल पट्ट्यांच्या दोन कोळंब्याही असायच्या. पाहुणे मासे बघतात. दाजी मात्र गुडघे टेकून खालचं कपाट उघडतात आणि सम्प दाखवतात. बेळगावात सम्प म्हणजे अंगणातली जमिनीखालची टाकी, त्यामुळं काकतीच्या एका पाहुण्यानं नळाला पाणी किती दिवसाआड येतं, असं विचारलं होतं. दाजींचा सम्प म्हणजे वरच्या टाकीतलं घाण पाणी जिथं उतरतं, गाळलं जातं आणि पंपानं परत वर चढतं, ती काचेची पेटी. "मासं काय, कुणीबी पाळतंय," ते म्हणतात. "माणसाची पारख सम्पवरनं करावी."

उभ्या आयुष्यात स्वतःचा रुमाल न धुतलेला हा निवृत्त हेडमास्तर सम्पमधला गाळणीचा मोजा मात्र स्वतः धुतो, तोही बिनसाबणाचा, आणि पुढच्या दारात वाळत घालतो. एकच मोजा, चांगला हातभर लांब. असा पाय घरात कुणाचा, याची गल्लीत चौकशी होते आणि मी मान खाली घालून पुढं सरकतो. डॉक्टरांनी मीठ तोडल्यापासून दाजी अळणी आमटी खातात आणि समुद्राचं मीठ तराजूवर तोलून बादलीत ढवळत बसतात. त्या मापात त्यांची कधी चूक झालेली नाही, निदान त्यांनी ती कबूल केलेली नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात जाताना त्यांनी आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, सम्पचं सगळं समजावलं आणि स्वतःच्या औषधांचं काहीच सांगितलं नाही. ती बिचारी मोजा धुवायची, आटलेलं पाणी भरायची. ऑपरेशन चालू असताना बाकावर बसून मला म्हणाली, "घरच्या समुद्राला मागून घेतलंय रं. माणूस परत येऊदे."

माणूस परत आला, तोवर दोन्ही कोळंब्या मेल्या होत्या. भेटायला जमलेल्या शेजाऱ्यांदेखत दाजींनी विचारलं, "मोज्याला साबण लावलास न्हवं?"

"न्हाय ओ."

"मग मेल्या कशा? एवढं सोपं काम जमलं न्हाय तुला."

आक्का आत निघून गेली. त्यानंतर ती त्या कपाटाजवळ फिरकली नाही आणि दोघांचं बोलणं औषधाच्या वेळेपुरतं उरलं.

दाजींना वाकायची मनाई, म्हणून पुढच्या महिन्यात सम्प साफ करायला त्यांनी मला बोलावलं. ते खुर्चीवरून हुकूम सोडत होते, मी गाळ उपसत होतो. तळाशी हाताला काहीतरी चपटं लागलं. तांब्याचं जुनं नाणं निघालं, कडेनं हिरवं पडलेलं. आमच्या आईनं आक्काला देव्हाऱ्यात ठेवायला दिलेलं. आक्का बाकावर काय म्हणाली होती, ते मी दाजींना सांगितलं. कोळंबीला तांबं म्हणजे विष, हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलेलं.

दाजींनी नाणं हातात घेतलं. गल्लीतल्या निम्म्या लोकांना लहानपणी कान धरून उभं केलेला हा माणूस, त्याला माझ्याकडं बघवेना. "माझ्यासाठी घातलं व्हय," ते म्हणाले. "आणि मी चारचौघांत तिची अब्रू काढली."

"आक्काला सांगू?"

"खुळा हाईस काय? नवऱ्यासाठी मागायला गेली आणि जीव घेतला, असं जन्मभर घेऊन बसंल."

"मग साबणाचं काय?"

दाजी नाणं खिशात टाकून उठले, शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि आक्काला बाहेर बोलावलं. "अगं, साबण न्हवता. दवाखान्यात जायच्या आधी मीच मीठ जास्त घातलतं. माझंच चुकलं."

आक्का पदराला हात पुसत बघत राहिली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि त्याच पदरानं तिनं डोळेही पुसले.

आता ती आल्यागेल्याला हेच सांगते. परवा पिरनवाडीला एका साखरपुड्यात अख्ख्या पंगतीला सांगत होती, "हेडमास्तर असून मीठ मोजायला येत न्हाय यांना." सगळे हसले. आक्का सगळ्यांत जास्त हसली.

"व्हय, माझंच चुकलं," दाजी पानाकडं बघत म्हणाले. दर वेळी ते असंच हळू म्हणतात. ते मिठाबद्दल बोलत नाहीत, हे फक्त मला ठाऊक असतं.