पप्पांचे थेंब

पप्पांना नागीण झाली तेव्हा अंगावरचे फोड काही दिवसांत सुकले, पण दुखणं मागे राहिलं. डाव्या बरगडीला बनियनचं कापड लागलं तरी ते कळवळायचे. मुलुंडच्या आमच्या घरात उघड्या अंगाने, पंखा बंद करून बसून राहायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तोल जायचा. एकदा बाथरूममध्ये पडले, तेव्हा डॉक्टरांनीच त्या थांबवल्या.

मग माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने एक आयुर्वेदिक डॉक्टर सुचवले. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहून विजयेच्या अर्काचे थेंब लिहून दिले. विजया म्हणजे भांग, हे त्यांनीच स्पष्ट सांगितलं. औषध म्हणून चिठ्ठीवर मिळतं, पण प्रमाण अगदी थोडं ठेवा, म्हणाले. ती छोटी बाटली पर्समध्ये घेऊन येताना वाटेत पोलीस दिसला आणि मी उगाचच रस्ता ओलांडला.

मम्मी म्हणाली, त्यांना सांगू नकोस, पोटाचं औषध आहे म्हण. मला ते जमणार नव्हतं. पप्पांनी साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर आयुष्य काढलं. होळीची भांग उतरलेली नसताना कामावर आलेल्या एकाची बोटं त्यांच्या डोळ्यांदेखत मशीनमध्ये गेली होती. विहारात पंचशील घेताना नशेपासून दूर राहण्याचं शील आलं की त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा.

मी खरं ते सांगितलं. त्यांनी बाटली टीव्हीशेजारी ठेवली आणि हात लावला नाही. ऑफिसातून फोन केला की मम्मी सांगायची, बसलेत तसेच. शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच बाटली मागितली.

"शील बेहोशीबद्दल आहे," ते म्हणाले. "मी बेहोश होतोय का, यावर तू लक्ष ठेव. झालो की बंद."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. थेंब घेतले की मी समोर बसायची. जीभ जड झालीय का, डोळे लाल दिसतात का. ते शांत झोपले तरी मी छातीकडे बघत राहायची. दुखणं जरा कमी आहे, असं ते म्हणायचे. खरंच होतं की माझ्या समाधानासाठी, ते कळायचं नाही.

एका शनिवारी मी भाजी आणायला खाली गेले होते. पप्पांचं कळवळणं मम्मीला बघवेना, तिने थेंब बरेच जास्त दिले. मी आले तेव्हा ते जमिनीवर, दोन्ही हात काखेत दाबून बसले होते. अंग घामाने भिजलेलं, नाडी धावत होती.

"मशीन बंद कर," ते मला म्हणाले. "हात आत जाईल माझा."

मी त्या आयुर्वेदिक डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, वेळ घालवू नका, हॉस्पिटल गाठा. रिक्षात मी त्यांचे हात धरून बसले. मम्मी एकसारखी म्हणत होती, माझ्यामुळे झालं. हॉस्पिटलमध्ये काही लपवायचं नाही असं मी ठरवलं आणि बाटलीच तिथल्या डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ईसीजी काढला, सलाईन लावलं, आता वाट बघायची म्हणाले.

संध्याकाळी पप्पा सावध झाले. मी काय काय बोललो, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग मम्मीकडे वळून ते म्हणाले, "तुला बघवलं नाही म्हणून दिलंस. रडू नकोस आता."

थेंब बंद झाले. पुढे एका मलमाने आणि काही महिने गेल्यावर दुखणं उतरत गेलं. आता ते शर्ट घालून फिरायला जातात. त्या अर्काने काही फरक पडला होता का, हे कुणालाच सांगता आलं नाही.

परवा शेजारच्या काकू गुडघ्यांसाठी थेंब देणाऱ्या त्याच डॉक्टरांचा नंबर मागायला आल्या. पप्पा हाकलून देतील असं मला वाटलं. त्यांनी नंबर दिला, फक्त म्हणाले की थेंब दिले तर घरात कुणी नसताना घेऊ नका. काकूंचा मुलगा अंधेरीला नोकरी करतो, त्या दिवसभर एकट्याच असतात. त्या गेल्यावर मी मम्मीला म्हटलं, दुपारी एकदा त्यांच्याकडे डोकावत जा.