मागच्या सीटवरच्या बाई

"बाईच्या गाडीवर मागं बसून खायला कोण हिंडणार?" असं सगळे म्हणत होते. तरी मी मोटारसायकलवरून पाहुण्यांना कोल्हापूरचं खाणं दाखवायचा धंदा सुरू केलाच. पहिल्याच पाहुण्या नागपूरच्या निवृत्त शिक्षिका निघाल्या. त्या जन्मात कधी मोटारसायकलवर बसल्या नव्हत्या. राजारामपुरी येईपर्यंत त्यांनी माझा खांदा गच्च धरला होता.

मिसळवाला म्हणाला, "पावणं, कट जपून हं, लई झणझणीत हाय!"

बाईंनी वाटी तोंडाला लावून कट संपवला आणि आणखी मागितला. भोवतीच्या लोकांनी टाळ्याच वाजवल्या. संध्याकाळी गंगावेशीत, डोळ्यांसमोर काढलेल्या म्हशीच्या दुधाचा पेला रिकामा करून त्या म्हणाल्या, "उद्याही न्याल ना?"

अख्खं कोल्हापूर जिंकल्यासारखी मी गाडीला किक मारली.